सपाट पाण्याचे नव्वद युरो

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, दुपारची वेळ. ठिकाण, लंडनच्या स्टॅनमोरमधलं आमचं स्वयंपाकघर. विषय, उन्हाळ्यातली एका आठवड्याची सहल. रक्कम, चौदाशे पौंड. हजर: मी, बायको, आणि मँचेस्टरहून व्हिडिओवर मुलगी. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता.

असं लिहायची सवय मला मंडळामुळे लागली. आमच्या भागातल्या बौद्ध मंडळाचा मी बरीच वर्षं खजिनदार आहे. तिथली कुठलीही बैठक तारीख, रक्कम आणि हजर लोक लिहिल्याशिवाय सुरू होत नाही. आमच्या आधीच्या लोकांनी ही शिस्त घालून दिली: पैसा चारचौघांचा असेल तर तो चारचौघांसमोर मोजायचा. घरात तीनच माणसं असली तरी मी तेच करतो. बायको त्यावर हसते, पण रक्कम सांगायची वेळ आली की तीही सावरून बसते.

चौदाशे पौंड तिचे होते. हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात ती काम करते आणि पगारातून काहीतरी बाजूला टाकत असते, हे मला माहीत होतं. जुलैत तिला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. मी मनात बांगड्या धरून चाललो होतो, सोन्याचा भावही पाहून ठेवला होता. पण तिने सांगितलं की सोनं नको. ग्रीसच्या एका बेटावर जायचं आणि आठवडाभर विंडसर्फिंग शिकायचं. म्हणजे तरंगत्या फळीवर उभं राहायचं, फळीवर एक शीड असतं ते दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचं.

मी आधी फोनकडे पाहिलं. मुलगी युनिव्हर्सिटीत गेल्यापासून तिथल्या विंडसर्फिंग क्लबात आहे. शहराबाहेरच्या एका जलाशयावर ते लोक जातात. स्वतःला ग्रीसला जायचंय म्हणून आईला पुढे केलंय, असं माझ्या मनात आलं, आणि मी तसं विचारलंही.

"आईचा कल्पना आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "प्रॉमिस. माझा नाही."

आमची मुलगी घरात सहसा इंग्रजीत बोलते. ती ठरवून, जपून मराठी बोलते तेव्हा काहीतरी लपवत असते. मी वहीत काही लिहिलं नाही, पण लक्षात ठेवलं.

आता संशयाचं खरं कारण सांगतो. इथल्या शाळेत शिकलेली मुलगी सोडली तर आमच्या घरात पोहता येणारं कुणीच नव्हतं, माझ्याकडचंही नाही आणि तिच्याकडचंही नाही. माझे वडील उमरेडकडच्या एका गावात वाढले. तिथली पोरं पोहायला शिकायची ती शेतातल्या मोठ्या विहिरीत, कमरेला वाळलेला भोपळा बांधून. आमच्या वस्तीतल्या पोरांना त्या विहिरीच्या काठावर उभं राहायचीही सोय नव्हती. प्यायचं पाणीसुद्धा दुसऱ्या कुणीतरी वरून ओतलं तर मिळायचं. पुढे वडील नागपूरला आले, नोकरीला लागले, घर झालं, पण पाण्याशी त्यांची ओळख झाली नाही ती नाहीच. आम्हा भावंडांना त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. पाणी दिसलं की आधी विचारायचं, कुणाचं आहे. मला वाटतं, माझ्या बायकोच्या घरीही शब्द वेगळे असतील, पण शिकवण तीच होती.

म्हणून पन्नाशीला आलेली, माझ्या माहितीप्रमाणे पोहता न येणारी बाई समुद्रावर फळी घेऊन उभी राहणार म्हणते तेव्हा माझा पहिला प्रश्न वयाचा नव्हता. तिच्या डोक्यात हे कुणी घातलं आणि त्यात त्याचा काय फायदा, हा होता.

बैठकीत शेवटी असं ठरलं की बेट तिच्या पसंतीचं, किनारा मी निवडायचा. "आकड्यांचं तुम्हाला कळतं," ती म्हणाली. एवढ्या सहज ती माझ्यावर सोपवते आहे, हेही मला जरा खटकलं.

त्या बेटाचं नाव मी लिहीत नाही. कारण पुढे येईल ती नव्वद युरोंची गोष्ट कुणा एकाच्या नावावर जायला नको. उन्हाळ्यात तिथे उत्तरेकडून वारा येतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. त्यासाठीच लोक तिथे जातात. बेटाच्या चारही बाजूंना किनारे आहेत आणि बऱ्याच किनाऱ्यांवर विंडसर्फिंगच्या शाळा. मी संगणकावर तक्ता केला. किनाऱ्याचं नाव, तोंड कुठल्या दिशेला, पाणी कसं, शाळेची फी, फीमध्ये काय काय येतं, लोकांनी दिलेले तारे.

काम करताना दिसेल त्या गोष्टीवर मला शंका येत होती. सगळ्या किनाऱ्यांचे फोटो सकाळचे होते, सावल्या लांब आणि छत्र्या मिटलेल्या. म्हणजे वारा सुटायच्या आधी काढलेले. एका शाळेच्या पानावरची सोनेरी केसांची बाई दुसऱ्या शाळेच्या पानावरही तेच शीड धरून हसत होती. एके ठिकाणी पहिला धडा फुकट होता, पण फळीचं भाडं वेगळं, अंगावरच्या रबरी पोशाखाचं वेगळं आणि लॉकरचं त्याहून वेगळं. बेरीज केली तर तो फुकटचा धडा सगळ्यात महाग पडत होता.

किनारा कुणाचा आहे हेही मी शोधलं. तिथल्या नियमाप्रमाणे किनारा सगळ्यांचा, असं लिहिलेलं सापडलं. लिहिलेलं असण्यावर माझा फार विश्वास नाही. आमच्या वडिलांच्या विहिरीबद्दलही कायद्यात काहीतरी चांगलंच लिहिलेलं होतं. म्हणून मी वहीत एक प्रश्न वेगळा लिहून ठेवला: शाळेसमोरून पाण्यात उतरायचे पैसे पडतात का, आणि कुणाला.

महिन्याभराने तक्त्यात दोनच किनारे उरले. एक दक्षिणेला तोंड असलेला, मागे टेकडी, समोर आरशासारखं सपाट पाणी. पाचपैकी साडेचारच्या वर तारे. लोकांनी लिहिलं होतं की लहान मुलांसाठी उत्तम, लाट नाही, निवांत. त्या शाळेच्या दरपत्रकात मला एक ओळ फार आवडली: बोटीने परत आणणे, दर वेळी तीस युरो. म्हणजे यांच्याकडे बोट आहे, माणूस ठेवलेला आहे, आणि दर उघड लिहिलेला आहे. जबाबदार लोक वाटले.

दुसरा किनारा पूर्वेला. तीन तारे, तेही जेमतेम. वाळू डोळ्यांत जाते, छत्र्या उडतात, पाणी खडबडीत, काठाला शेवाळ, जेवणात रेती. दरपत्रकात बोटीचा उल्लेखसुद्धा नाही. मी त्याच्यासमोर फुली मारणार होतो, तेवढ्यात मित्र मध्ये आला.

हा मित्र मूळचा पुण्याचा. क्रॉयडनच्या ऑफिसात आम्ही दोघं अनेक वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर आहोत. तो त्या बेटावर दोनदा जाऊन आलेला. मी दुपारच्या सुट्टीत सहज विषय काढला, तर त्याने डबा बाजूला सरकवला आणि पूर्वेच्या किनाऱ्याबद्दल बोलायला लागला. वहिनींना तिथेच ने, दुसरीकडे नेऊच नकोस, शाळेची मालकीण ओळखीची आहे. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, त्यात एक कोड. तो टाकला की फीमध्ये दहा टक्के सूट.

सूट देणारा माणूस आपल्यासाठी एवढा का धडपडतो, हे मला शोधायला फार वेळ लागला नाही. शाळेच्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जुन्या विद्यार्थ्याने नवा विद्यार्थी आणला तर त्याला बक्षीस मिळतं. दुसऱ्या दिवशी ट्रामच्या थांब्यावर मी त्याला सरळ विचारलं, तुला यातून काय मिळतं?

"एक दिवस बोर्ड फुकट," तो म्हणाला. जरासुद्धा लाजला नाही. "का रे, तुला अर्धा दिवस हवाय?"

मी हसलो, पण त्याच संध्याकाळी पूर्वेच्या किनाऱ्यावर फुली मारली. ज्याच्या सल्ल्यात त्याचा स्वतःचा फायदा आहे त्याचा सल्ला तक्त्यातून काढून टाकायचा, हा माझा नियम आहे आणि मंडळाच्या कंत्राटांमध्ये त्याने आमचे बरेच पैसे वाचलेत. दक्षिणेच्या शाळेला मी नव्वद युरो अनामत पाठवली. पावती आली. बायकोला सांगितलं की किनारा ठरला, सपाट पाण्याचा. ती "चालेल" म्हणाली. तिचं "चालेल" मी होकार म्हणून लिहून घेतलं. खरं तर आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर मला कळायला हवं होतं की तिला एखादी गोष्ट मनापासून हवी असते तेव्हा ती "चालेल" म्हणत नाही.

मार्चच्या शेवटी मी मंडळाचे हिशेब पुरे करत होतो. आमच्या महिलांचा वाचनवर्ग दर मंगळवारी संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये असतो, आणि हॉलचं भाडं मी भरतो. हॉलवाल्यांच्या बिलात जानेवारीपासून एकही मंगळवार नव्हता. मी चौकशी केली. वर्ग थंडीमुळे ऑनलाइन झाला होता, तोही रविवारी. बायको मात्र वाचनवर्गाला म्हणून दर मंगळवारी सहा वाजता पिशवी घेऊन बाहेर पडत होती आणि आठला परत येत होती.

हे कळल्यावर मी दोन मंगळवार काही बोललो नाही. फक्त पाहत राहिलो. ती आली की तिच्या केसांना ओल असायची. बाहेर पाऊस असला तर ते चालून जायचं, पण एका मंगळवारी दिवसभर कोरडं होतं आणि तरी तिची वेणी ओली होती. जिन्याखालच्या कपाटात मी बॉयलरचा आकडा बघायला गेलो, तर टॉवेलांच्या मागे एक काळा पोहण्याचा पोशाख वाळत घातलेला होता, आणि कपाटाला तलावात टाकतात त्या औषधाचा वास.

मी तो पोशाख स्वयंपाकघरात आणला नाही. तेवढं भान होतं. जेवताना फक्त म्हटलं की वाचनवर्ग हल्ली रविवारी असतो म्हणे.

तिने हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग सांगितलं. जानेवारीपासून ती लेझर सेंटरमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या क्रीडाकेंद्रातल्या तलावात, पोहायला शिकत होती, फक्त बायकांच्या वर्गात. आता तिला एका दमात तलावाची लांबी कापता येत होती. शिवाय मुलीची खोली आवरायला म्हणून ती फेब्रुवारीतल्या हाफ-टर्मच्या सुट्टीत मँचेस्टरला गेली होती, तेव्हा खोली आवरलीच नव्हती. दोघी त्या जलाशयावर गेल्या होत्या आणि ती फळीवर उभी राहिली होती.

म्हणजे संशय खरा होता. पण तो खरा निघाल्यावर पुढे काय करायचं ते मला सुचेना. मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"पन्नाशीच्या बाईने पाण्यात तोंड घालायला शिकायचं," ती म्हणाली, "त्याचा आधी हिशेब द्यायचा नव्हता मला. तुम्ही शिकवणारीचं सर्टिफिकेट मागितलं असतं."

मागितलं असतं, हे खरं. मी पाणी प्यालो. मग तिने ताट बाजूला केलं आणि म्हणाली, आता तुमचा तक्ता दाखवा.

तिने तक्ता नीट वाचला. तारे वाचलेच नाहीत. तोंड कुठल्या दिशेला, एवढ्याच रकान्यावरून तिने बोट फिरवलं आणि दक्षिणेपाशी थांबवलं. वारा उत्तरेचा न, तिने विचारलं. मी म्हटलं हो, म्हणूनच तर, टेकडी आडवी येते, पाणी सपाट राहतं. आणि मी तिला आमच्या तलावाची आठवण करून दिली. नागपूरला मी तलावाजवळ वाढलो. काठावरून बघायचो रोज. वारा सुटला की पाण्यावरचं सगळं, पानं, फुलं, प्लास्टिक, समोरच्या काठाला जाऊन लागायचं. तरंगणारी वस्तू शेवटी काठालाच लागते, आणि लाट नसली तर लवकर लागते. सपाट पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

ती उठली. कणीक मळायची स्टीलची परात धुऊन टेबलावर ठेवली, तिच्यात तीन बोटं पाणी ओतलं. वरणावर पिळलेल्या लिंबाची अर्धी साल माझ्या बाजूच्या काठाशी पाण्यात सोडली.

"फुंका," ती म्हणाली.

मी फुंकलं. लिंबाची साल सरळ गेली आणि पलीकडे जाऊन टेकली. पाण्यावर फारशी सुरकुतीही उठली नाही. मी म्हटलं, लागली बघ काठाला.

"परातीला काठ आहे न. तिकडं समोर काय आहे?"

मी तक्त्यात पाहिलं. समोर काय आहे याचा रकानाच नव्हता. संगणकावर नकाशा उघडला आणि दक्षिणेच्या त्या निवांत किनाऱ्यावर बोट ठेवून सरळ खाली गेलो. बोट आफ्रिकेपर्यंत गेलं.

तिने साल उचलून परातीच्या डाव्या कडेला ठेवली आणि या वेळी स्वतः फुंकलं, कडेकडेने. साल कडेला घासत, धक्के खात, वेडीवाकडी पुढे गेली. पाण्यावर लाटा उठल्या, थोडं पाणी टेबलावर सांडलं. पण साल कडेपासून सुटली नाही. हा तुमचा फुली मारलेला किनारा, ती म्हणाली. इथे पडलं तर वारा वाळूवरच आणून टाकतो. लोकांना बसायला नाही आवडत, कारण ते बसायला येतात. मुलीने मँचेस्टरहून हेच सांगितलं होतं, पण जलाशयावर वाऱ्याने बायकोला समोरच्या काठाला नेलं आणि रबरी पोशाखात अख्ख्या काठाने चालत यावं लागलं, तेव्हा ते तिला खरं कळलं. चालताना मनात एकच होतं, काठ होता म्हणून चालतेय.

टेबल पुसल्यावर मी दोन्ही दरपत्रकं पुन्हा काढली. बोटीने परत आणणे, दर वेळी तीस युरो. दर वेळी, असं छापून ठेवावं लागतं म्हणजे ते रोज होत असलं पाहिजे. पूर्वेच्या शाळेकडे ती ओळ नव्हती, कारण तिथे आणायला जावंच लागत नसेल. तीच ओळ महिनाभर माझ्यासमोर होती आणि मी तिच्यावरून त्या लोकांना शाबासकी देत होतो.

तरीसुद्धा मी लगेच मान्य केलं नाही. बायको आणि मुलगी आधीपासून एकत्र होत्या हे आता सिद्ध झालं होतं, मित्राला फुकटचा दिवस मिळणार होता हेही सिद्ध होतं, आणि तिघांचं बोट एकाच किनाऱ्याकडे होतं. ज्यांनी दोन गोष्टी लपवल्या ते तिसरी लपवणार नाहीत कशावरून? मी दक्षिणेच्या शाळेला अनामत परत मागितली. त्यांनी नम्रपणे कळवलं की परत मिळत नाही. म्हणून मी असं ठरवलं की तिथे पोचल्यावर दोन्ही किनारे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि मग सांगायचं. बायकोने हे ऐकून घेतलं.

"बघा," ती म्हणाली. "पण एवढं सांगते. तुमच्या सपाट पाण्यात मी उतरणार नाही. आणि नाही उतरले तर पन्नासावं वर्ष काठावर बसून जाईल माझं. आईचं गेलं तसं."

तिने हे आवाज न चढवता सांगितलं. त्यानंतर जुलैपर्यंत आमच्या घरात या विषयावर कुणी बोललं नाही. ती मंगळवारी पिशवी घेऊन जात राहिली, आता उघडपणे. मी पूर्वेच्या शाळेला काहीच कळवलं नाही, आणि जागा भरून गेल्या तर काय, ही काळजी एकट्याने करत राहिलो.

बेटावर पोचल्यावर पहिल्या सकाळी मी दोघींना दक्षिणेला नेलं. फोटोत होतं तसंच सगळं होतं. सपाट पाणी, टेकडीची सावली, वाळूत किल्ले करणारी पोरं. बायको चप्पल न काढता उभी राहिली. अकराच्या सुमाराला टेकडीमागून वारा उतरला. पाण्यावर काहीच दिसलं नाही, फक्त टोप्या उडाल्या. कुणाची तरी पिवळी हवेची गादी काठाशी तरंगत होती, रिकामी. ती हलली. आधी इतकी हळू की तिचा मालक चालत पाण्यात गेला, घाई न करता. पाणी गुडघ्याला, मग कमरेला, आणि गादी त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर. मग तो थांबला. गादी थांबली नाही. थोड्या वेळाने ती एक ठिपका झाली. शाळेची बोट सुरू झाली ती गादीसाठी नव्हती. त्याच दिशेला एक शीड आडवं पडलेलं होतं, आणि त्याला धरून कुणीतरी हात हलवत होतं. बोट त्या माणसाला घेऊन आली. काउंटरवरच्या मुलीने त्याचं नाव विचारलं आणि बिलात तीस युरो लिहिले. तो थरथरत होता आणि आभार मानत होता.

मी नव्वद युरोंचा विचार केला, तीन वेळा परत आणण्याचे. मग गाडीची किल्ली काढली. मुलगी काही म्हणणार होती, बायकोने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

पूर्वेचा किनारा लोकांनी लिहिला होता त्याहून वाईट दिसत होता. वाळू पिंडऱ्यांना टोचत होती, काठाला तपकिरी शेवाळाचा ढीग, पाणी सगळीकडून उसळलेलं. शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड. मालकीण साठीच्या आसपासची, आवाज घोगरा, उन्हाने काळवंडलेली. तिने बायकोला वय विचारलं नाही. पोहता येतं का एवढं विचारलं, आणि येतं म्हटल्यावर पोहून दाखवायला लावलं. मी तिच्याकडचे कागद वाचले, सगळे, मागची बाजूसुद्धा. एका ओळीत फी, एका ओळीत मोडतोडीचा विमा. शोधूनही तिसरी ओळ सापडली नाही. मी कोडचं विचारलं. ती मित्राला ओळखत होती. तो फार पडतो, पण दर वर्षी माणसं आणतो, असं म्हणाली.

पहिले दोन दिवस बायको फक्त पडली. शीड उचलायची, दोन श्वास उभी राहायची, पडायची. दर वेळी वारा तिला थोडं खाली, काठाच्या बाजूने न्यायचा आणि कमरेइतक्या पाण्यात आणून सोडायचा. ती फळी ओढत वाळूवरून परत वर यायची. मी तिच्यासोबत वाळूवरून चालायचो, पाण्याची बाटली घेऊन. मी जवळ असलो तरी मला काहीच करता येण्यासारखं नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं. मुलगी दूर आत शीड फिरवत होती, तिच्याकडे बघायला मला वेळच नव्हता.

चौथ्या दिवशी ती उभी राहिली आणि पडली नाही. किनाऱ्याच्या अंगाने गेली, खूप लांब नाही, शेडपासून पडक्या दगडी भिंतीपर्यंत. गुडघे वाकवलेले, पाठ ताठ, तोंड उघडं. मी बाटली घेऊन पळत होतो आणि मागे पडलो. भिंतीपाशी ती स्वतः उतरली. मी पोचलो तेव्हा पाण्यात उभी राहून हसत होती.

"अहो, या की आत," ती म्हणाली. "बाटली नाही बुडत."

मी तिथूनच परत शेडकडे गेलो. मालकीण शिडं गुंडाळत होती. मी तिला वहीतला प्रश्न विचारला. मी विद्यार्थी नाही, मला शिकायचं नाही. तुमच्यासमोरून नुसतं पाण्यात जाऊन उभं राहायचं असेल तर किती पडतात, आणि ते तुम्हाला द्यायचे की नगरपालिकेला. तिला वाटलं माझं इंग्रजी तिला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"समुद्राचे?" तिने विचारलं. आणि तोंडातली दोरी सोडून माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

मी पँट दुमडून गुडघ्यापर्यंत गेलो, मग पँट भिजली तशी कमरेपर्यंत. वारा पाठीवर घेतला नाही, अंगाच्या कडेने घेतला. बायको भिंतीपासून चालत आली आणि शेजारी उभी राहिली. कुणी काही विचारायला आलं नाही. तरी मी एकदा मागे वळून काठाकडे बघून घेतलं.

शेवटचा हिशेब असा. हजर: आम्ही तिघं आणि शाळेची मालकीण. बायकोच्या आठवड्याच्या शिकवणीची फी, दहा टक्के सूट जाऊन, तीनशे सहा युरो, पूर्वेच्या शाळेच्या मालकिणीला, बायकोने स्वतःच्या हाताने दिली, पावती घेतली. क्रॉयडनच्या मित्राला एक दिवस बोर्ड, शाळेकडून. दक्षिणेच्या शाळेला नव्वद युरो अनामत, परत न मिळालेली, ती माझ्या खात्यातून. पाण्यात उतरण्याचे काही नाही, कुणालाही नाही.